बंद पडली नाही हो, गप्प बसलीय!

दोन अंकांपूर्वी मी सहज लिहून गेले की, अकरा वर्षं हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी चालवतेय आणि पेट्रोल भरलं की दर वेळी वहीत नोंद करते. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. आधीच सांगते, मी इंजिनिअर नाही. शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. गाडीला काही झालं की आधी कान देऊन ऐकायचं आणि मग गॅरेजला न्यायची, एवढीच माझी पात्रता. पत्रं वाचताना गंमत वाटली, कारण निम्म्याहून जास्त तक्रारी आवाजाच्याच आहेत. कुणाची गाडी आवाज करते म्हणून, तर कुणाची करत नाही म्हणून. खाली आधी पत्र आणि मग माझं उत्तर, असं देत जाते.

सिग्नलला थांबलं की इंजिन बंद होतं. सासरे शेजारी असले की दर वेळी 'बंद पडली, बंद पडली' करतात. खरं सांगायचं तर ती परत सुरू होईल की नाही याची मलाही धाकधूक असते. इतकं चालू-बंद होऊन इंजिन झिजत नाही का?

सासऱ्यांचं काही चुकत नाही. त्यांनी जन्मभर चालवलेल्या गाड्यांत इंजिन गप्प होण्याचा एकच अर्थ होता. हायब्रिडमध्ये गाडी जागी आहे की नाही हे इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचं नसतं, डॅशबोर्डवरच्या 'रेडी' या अक्षरांवरून ओळखायचं असतं. पुढच्या वेळी त्यांना ती दाखवा. ती दिसत असतील तर ॲक्सिलरेटरला पाय लागताच गाडी निघणार, मग इंजिन चालू असो वा नसो.

झिजेची काळजी सोडा. साध्या गाडीत सेल्फ मारला की एक छोटी मोटर इंजिनाला ढकलते, खर्रर्र होतं आणि इंजिन कसंबसं पेट घेतं. माझ्या गाडीत वेगळा सेल्फ नाहीच. एक दणकट मोटर-जनरेटर इंजिनाला आधी मिनिटाला हजारेक फेऱ्यांपर्यंत नेतो आणि मगच पेट्रोल सोडलं जातं. तोवर ऑइल फिरलेलं असतं आणि इंजिन बहुतेक वेळा गरमच असतं. म्हणून सिग्नल सुटल्यावर इंजिन कधी लागलं हे मला कित्येकदा कळतही नाही.

पण या गप्प बसण्याचा एक धोका आहे आणि तो मी स्वतः ओढवून घेतलाय. पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी घाईघाईत गाडी लावली. पार्किंगचं 'पी' दाबलं, किल्ली पर्समध्येच होती, तशीच उतरले. मागून टीं-टीं वाजलं. मला वाटलं दार नीट लागलं नाही, म्हणून पुन्हा आपटलं. तासाभराने खाली आले तर गाडीत कुणी नाही आणि इंजिन घुमतंय! अंगावर काटा आला. झालं होतं इतकंच की मी गाडी बंदच केली नव्हती. एसी चालू राहिला, बॅटरी उतरत गेली, तसं गाडीने आपलं आपण इंजिन लावून ती भरून घेतली. मग पुन्हा बंद, पुन्हा चालू. गाडी उघड्यावर होती म्हणून हसण्यावारी गेलं. बंद गॅरेजमध्ये हाच प्रकार जिवावर बेततो, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. तेव्हापासून डॅशबोर्ड पूर्ण काळा झालेला पाहिल्याशिवाय मी दार उघडत नाही. सासऱ्यांना हेही सांगा. शेजारी बसून लक्ष ठेवायला त्यांना एक रास्त काम मिळेल.

जाहिरातीतलं ॲव्हरेज मला एकदाही मिळालं नाही. वर उलटाच प्रकार, महामार्गावर कमी आणि गर्दीत जास्त! मीटर बिघडलाय का?

मीटर बरोबर आहे. गाडीचं गणित तुमच्या जुन्या गाडीच्या उलटं आहे, एवढंच.

थोडं भौतिकशास्त्र चालेल ना? १४०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असते तेव्हा तिच्यात १,९४,००० जूलच्या आसपास गतिज ऊर्जा असते. विजेच्या बिलाच्या भाषेत ०.०५ युनिट. साध्या गाडीत ब्रेक दाबला की ही सगळी ऊर्जा पॅड आणि डिस्क तापवण्यात जाते. पुन्हा वेग घ्यायचा तर पुन्हा पेट्रोल जाळा. हायब्रिडमध्ये चाकाला जोडलेली मोटर अशा वेळी उलटी जनरेटर होते, गाडीचा वेग खाते आणि वीज बॅटरीत टाकते. सगळी ऊर्जा परत येत नाही, जाता-येता गळती असतेच, पण बरीचशी येते. गर्दीत तुम्ही तासाभरात शंभर वेळा ब्रेक दाबता, म्हणजे शंभर वेळा काहीतरी परत मिळतं. त्याहून मोठी बचत दुसरी आहे. पेट्रोल इंजिन सगळ्यात उधळं असतं ते रेंगाळताना आणि नुसतं उभं असताना, आणि नेमक्या त्याच वेळी हायब्रिडचं इंजिन बंद असतं.

महामार्गावर तुम्ही ब्रेकच दाबत नाही, मग परत मिळवणार काय? तिथला शत्रू हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून ११० वर गेलात तर वेग वाढला फक्त ३७ टक्के, पण विरोध जवळजवळ दुप्पट. हवेने खाल्लेलं काही परत देणारी मोटर नाही. माझ्या वहीत शहरातल्या गर्दीच्या टाक्यांना लिटरला २३-२४ दिसतात, ताशी १०० च्या पुढे पळवलेल्या टाक्यांना १९.

आणि मधूनच एक १४ दिसतो. त्या महिन्यात रोज दोन-दोन किलोमीटरच्या चकरा होत्या. हायब्रिडला सगळ्यात जास्त मारतं ते हेच. थंड गाडी सुरू केली की इंजिन गरज असो-नसो लागतं, कारण त्याला स्वतःला आणि धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तापवायचं असतं. तापून होईपर्यंत तुमची चक्कर संपते. इंजिन बंद राहून काही वाचवण्याची वेळ येतच नाही. शक्य असेल तर दोन-तीन कामं एका फेरीत उरका आणि लांबचं काम आधी करा, म्हणजे जवळच्या कामांना इंजिन गरम मिळतं.

एक राहिलं. स्क्रीनवरच्या आकड्यावर वही भरू नका. माझी स्क्रीन एकाने तरी जास्तच सांगते. टाकी फुल करून किलोमीटर भागिले लिटर, हाच खरा हिशोब.

बाई, परवा पहिल्यांदाच गाडी घेऊन घाटात गेलो. चढताना इंजिन एकाच सुरात भोकाड पसरून होतं. ते एक वेळ समजलं. पण उतरताना? पाय ॲक्सिलरेटरवर नाही, गाडी उताराला, आणि अर्ध्या वाटेत इंजिन एकदम ओरडायला लागलं. मी बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलो.

माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचं पत्र असावं असा संशय आहे. असो, प्रश्न सुरेख आहे.

आधी चढ. या गाडीत पहिला-दुसरा-तिसरा असे गिअर नाहीत. दातेरी चाकांचा एकच संच आहे. मधे एक चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाकं आणि बाहेरून कडं. एकीकडून इंजिन, दुसरीकडून जनरेटर, तिसरीकडून मोटर आणि चाकं. त्यामुळे चाकाचा वेग आणि इंजिनाच्या फेऱ्या यांची बांधलेली जोडी राहत नाही. चढावर ताकद लागली की संगणक इंजिनाला जिथे ताकद मिळते त्या फेऱ्यांवर नेऊन ठेवतो. गिअर बदलल्याचा चढ-उतार कानाला मिळत नाही आणि आपल्याला वाटतं क्लच घसरतोय. शिवाय हे इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं असतं. जेम्स ॲटकिन्सन नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने १८८० च्या दशकात काढलेली ही कल्पना. आत घेतलेलं मिश्रण कमी दाबायचं, पण जळाल्यावर प्रसरणाला जास्त वाट द्यायची. आजच्या गाड्यांत इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करून तोच परिणाम साधतात. प्रत्येक थेंबातून काम जास्त निघतं, पण इंजिनाचा जोर कमी पडतो. ती कसर मोटर भरून काढते. लांब चढावर बॅटरी उतरत गेली की मोटरचा हात सैल होतो आणि इंजिनाला एकट्याने ओढावं लागतं. म्हणून भोकाड.

आता उतार. हजार मीटर खाली उतरलात असं धरू. १४०० किलो, हजार मीटर: साधारण ३.८ युनिट ऊर्जा. त्यातली काही हवा आणि टायर खातात, तरी मोठा वाटा उरतो. तो बॅटरीत टाकायचा. बॅटरी केवढी? माझ्यासारख्या गाडीत सव्वा-दीड युनिटची. त्यातही गाडी तिला कधी रिकामी होऊ देत नाही आणि कधी काठोकाठ भरू देत नाही. साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधेच खेळवते, कारण दोन्ही टोकांना बॅटरीचं आयुष्य घटतं. म्हणजे खरी जागा अर्ध्या युनिटच्या आसपास. दोन-तीनशे मीटर उतरलात की कोठी भरली!

आता उरलेली ऊर्जा कुठे टाकायची? मोटर तर वीज करतेच आहे. गाडी ती वीज जनरेटरला देते, जनरेटर मोटर होऊन इंजिनाला गरागरा फिरवतो आणि इंजिन नुसता हवेचा पंप होऊन ती ऊर्जा जिरवतं. तुम्ही ऐकलं ते हे. त्या क्षणी पेट्रोल शून्य. आवाज फुकटचा होता आणि तुमचे ब्रेक वाचवत होता.

मी काय करते ते सांगते. उतार लांबलचक आहे हे ठाऊक असेल तर बॅटरीचा बार वरपर्यंत जायच्या आतच गिअरचा दांडा 'बी'वर टाकते. त्यात इंजिनाचा रोध सुरुवातीपासून मिळतो आणि ब्रेक थंड राहतात. सपाटीला आले की लगेच 'डी', म्हणजे नेहमीची जागा. काही जण 'बी म्हणजे बॅटरी' समजून रोज त्यातच चालवतात आणि परत मिळाली असती ती ऊर्जा इंजिन फिरवण्यात घालवतात. आणि उतारावर न्यूट्रल कधीही नाही. जुन्या गाडीत पेट्रोल वाचवायला म्हणून ज्यांना ती सवय लागली असेल त्यांनी ती तिथेच सोडून यावी. न्यूट्रलमध्ये ना वीज परत मिळते ना इंजिनाचा रोध. सगळा भार ब्रेकवर.

मला दिसत नाही. रस्ता ओलांडताना मी इंजिनांवर विसंबून असते. तुमच्या या गप्प गाड्या माझ्या अंगावर येईपर्यंत कळत नाहीत. तुम्ही त्यांचं एवढं कौतुक करता म्हणून लिहिलं.

बरं केलंत लिहिलंत. मी त्या शांततेबद्दल लिहिते तेव्हा काचेच्या आतून लिहीत असते.

सावकाश जाताना टायरचा आवाज फारसा नसतो, त्यामुळे खरा धोका कमी वेगाला आणि मागे घेताना. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांत १३८ क्रमांकाचा नियम आहे. इंजिनाशिवाय चालू शकणाऱ्या गाडीने ताशी २० किलोमीटरपर्यंत आणि रिव्हर्समध्ये स्वतःहून आवाज करायचा. युरोपीय संघात तो जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक व हायब्रिड गाडीला लागू झाला. पण माझी गाडी त्याआधीची. ती काहीच बोलत नाही. पार्किंगमधून मागे घेताना मी काच खाली करते आणि रेडिओ मोठा करते. हॉर्न मारून कुणाला दचकवण्यापेक्षा ते बरं वाटतं. उपाय म्हणून फार थोर नाही, कबूल. तुमचं पत्र आल्यापासून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत काच खालीच ठेवतेय.

आमच्या इमारतीत चार्जिंगची सोय नाही. हायब्रिड घेऊ शकतो का?

घ्या. साध्या हायब्रिडला प्लगच नसतो. प्लग असतो तो प्लग-इन हायब्रिडला. तिची बॅटरी बरीच मोठी असते आणि रोज चार्ज करणार नसाल तर ते वजन उगाच वाहायचं. विक्रेते हौसेने सांगतात की साधी हायब्रिड 'आपोआप चार्ज होते'. आपोआप काही होत नसतं. तिच्यातली सगळी वीज शेवटी तुम्ही भरलेल्या पेट्रोलातूनच येते. फक्त एकदा वापरलेली तीच ऊर्जा थोडी दुसऱ्यांदा वापरता येते. नुसत्या बॅटरीवर ती सपाटीला दीड-दोन किलोमीटर जाईल. कल्पना जुनीच आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० साली इंजिनावर जनरेटर आणि चाकांत मोटरी अशी गाडी बनवली होती. मोठ्या प्रमाणावर बनवून विकलेली पहिली म्हणजे टोयोटाची प्रियस, डिसेंबर १९९७.

महिनाभर गाडी उभी राहणार आहे. एवढी मोठी बॅटरी आहे म्हणजे काळजी नको ना?

मोठीची नको. छोटीची करा.

हायब्रिडमध्ये बॅटऱ्या दोन असतात हे बऱ्याच मालकांना पहिल्यांदा गाडी मेल्यावरच कळतं. मलाही तसंच कळलं. चौथ्या वर्षी तीन आठवडे बाहेर राहून आले. किल्लीचं बटण दाबलं, काही नाही. दार उघडेना. रिमोटच्या पोटात एक पत्र्याची किल्ली लपवलेली असते, ती काढून दार उघडलं. आत अंधार, डॅशबोर्ड मेलेला. एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, नारिंगी रंगाच्या जाड वायरी पाहिल्या, हात मागे घेतला आणि म्हणाला, "हायब्रिडची बॅटरी गेली, मॅडम. पूर्ण सेट बदलावा लागेल. मोठं काम आहे."

मी वर जाऊन प्रयोगशाळेच्या काळातला माझा जुना मल्टिमीटर आणला. छोटी बॅटरी माझ्या गाडीत डिकीत उजवीकडे, पॅनेलच्या मागे. डिकीचं कुलूप विजेवर चालतं, म्हणजे ती उघडणार नाही. मागची सीट पाडून, पोटावर सरपटत आत गेले आणि टोकांना तारा लावल्या. १०.८ व्होल्ट. भरलेली असती तर १२.६ दाखवायला हवे. मेकॅनिक खिडकीतून बघत होता. मी म्हटलं, "मोठीचं राहू द्या, आधी हिला जंप देऊन बघू." बॉनेटखाली जंपसाठी वेगळं टोक दिलेलं असतं. तिथे केबल लावली, बटण दाबलं आणि 'रेडी' आलं. मोठ्या बॅटरीला काही झालेलं नव्हतं. त्याने केबल गुंडाळली आणि बदलायच्या सेटचा विषय पुन्हा काढला नाही.

कारण असं. इंजिन फिरवायची ताकद मोठ्या बॅटरीत असते, पण तिचं दार उघडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, आणि सगळे संगणक छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर जागे होतात. कोठी भरलेली, पण किल्ली हरवलेली. ही छोटी बॅटरी सेल्फ मारत नाही, म्हणून लहानशीच असते आणि म्हातारी झाल्याचं सांगतही नाही. साध्या गाडीत सेल्फ जड झाला की आपण ओळखतो. इथे तो इशाराच नाही. कालपर्यंत ठीक, आज मेली.

तेव्हा महिनाभर उभी ठेवणार असाल तर कुणाला तरी सांगून आठवड्यातून एकदा अर्धा तास 'रेडी'मध्ये ठेवायला लावा, 'पी'त, उघड्यावर. न्यूट्रलमध्ये नाही, तिथे मोठी बॅटरी भरत नाही. उभ्या गाडीत गाणी ऐकत बसायचं असेल तर तेही 'रेडी'त. त्याशिवाय सगळा भार छोटीवर पडतो. किल्ली गाडीपासून लांब ठेवा. दुसऱ्याच्या गाडीला आपल्या हायब्रिडवरून जंप देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. आणि छोटी बदलताना साधी कुठलीही बसवू नका. ती गाडीच्या आतच असते, तेव्हा वायू बाहेर सोडणारी नळी लागणारीच घ्या.

आठ वर्षं जुनी हायब्रिड मिळतेय. मोठी बॅटरी आता संपतच आली असेल ना?

वयावरून सांगता येत नाही. माझी अकराव्या वर्षी मूळचीच आहे. १,६३,००० किलोमीटर झाले. जिना चढताना तरुण आणि म्हातारी, दोघींना दम लागण्यात जो फरक, तसं जुन्या-नव्या बॅटरीचं. चढवून बघायचं. चालवायला मागा आणि स्क्रीनवरचा बॅटरीचा बार बघत राहा. चढ लागताच तो भर्रकन खाली येत असेल आणि दोन मिनिटांत पुन्हा काठोकाठ वर जात असेल, तर कोठी आकसली आहे. बार सावकाश हलला पाहिजे. दुसरं, मागच्या सीटजवळ पंख्याची घरघर सतत येत असेल तर बॅटरी तापते आहे.

तिथे सीटच्या कडेला एक जाळी असते. बॅटरी त्यातून गाडीतली गार हवा ओढते. ही जाळी तपासा. माझ्या धाकट्याने दोन वर्षं आपलं जॅकेट तिच्यावरच टाकलं आणि पंखा का कोकलतो म्हणून मी हैराण. काढून फिल्टर पाहिला तर गोधडीच्या अस्तरासारखा राखाडी थर. एका वाचकाने लिहिलंय की त्यांच्याकडे कुत्रा मागे बसतो. त्यांनी आज, आत्ता जाऊन फिल्टर बघावा. बॅटरीला मारते ती उष्णता. किलोमीटर त्यामानाने निरुपद्रवी.

वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून प्रत्येक गटाचा व्होल्टेज वेगवेगळा पाहता येतो, तो पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. निकेल-मेटल हायड्राइड प्रकारच्या बॅटरीत छोटे संच एकामागे एक जोडलेले असतात. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये २८ संच, मिळून २०१.६ व्होल्ट. त्यातला एक अशक्त झाला की सगळी माळ अडते. तेवढा एक बदलून देणारे असतात आणि काम होतंही, पण बाकीचे सत्तावीसही त्याच वयाचे असतात. मी असा एक संच बदललेली गाडी घेणार नाही.

खड्ड्यावरून जाताना ब्रेक दाबलेला असेल तर क्षणभर गाडी पुढे सुटल्यासारखी वाटते. ब्रेक फेल?

नाही. हलक्या ब्रेकला आधी मोटर वेग खात असते. चाक उसळून जमिनीवरची पकड सुटली की संगणक ते काम झटक्यात काढून नेहमीच्या पॅडकडे देतो. त्या हस्तांतराच्या वेळी पोटात गोळा येतो खरा. पाय उचलू नका, उलट दाबा. फरक पडत नसेल किंवा सपाट रस्त्यावरही असं होत असेल तर मात्र दाखवून घ्या. पॅड वर्षानुवर्षं टिकतात. माझे नव्वद हजारांपर्यंत गेले. पण कमी वापरामुळे पावसाळ्यात डिस्कवर गंज धरतो आणि सकाळी पहिल्या ब्रेकला खरखर होते.

गाडी रात्री आठला लावून बंद करतो. मध्यरात्रीनंतर, एकच्या सुमाराला, तिच्या खालून गुंऽऽ असा आवाज काही मिनिटं येतो आणि थांबतो. रोज नाही. बायको म्हणते उंदीर.

वेळ इतकी नेमकी लिहिलीत म्हणून उत्तर देता येतंय. आठ ते एक, पाच तास. गाडी बंद झाल्यावर सुमारे पाच तासांनी एक छोटा पंप आपणहून चालतो आणि टाकीतून पेट्रोलची वाफ कुठे गळत नाही ना हे तपासतो. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ते दोन ओळींत दिलंय, पण मी ती पुस्तिका वाचण्याआधी रात्री एक वाजता टॉर्च आणि केरसुणी घेऊन गाडीखाली वाकले होते. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून कुणीतरी विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही, उंदीर."